न विचारता केलेले, विचारल्यावर सांगितलेले

आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या घरगुती प्रार्थनासभेला आम्ही मोजकेच जण असतो. एका उपवासकाळाच्या सुरुवातीला आम्ही मिळून असा निश्चय केला की, आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची ती नव्या ठिकाणी जाऊन किंवा सभा भरवून नव्हे, तर ज्या माणसांच्या सहवासात आपला दिवस एरवीही जातो त्यांच्यात, रोजच्या साध्या कृतींतून द्यायची. हा निश्चय खरे तर उपवासकाळापुरता होता. पण पुनरुत्थानाचा सण झाल्यावर तो सोडून द्यावा असे कोणालाच वाटले नाही, आणि आता त्याला बराच काळ लोटला आहे. या काळात आम्ही काय केले, काय उमगत गेले आणि कोठे जपून पाऊल टाकावे लागले ते मी येथे लिहीत आहे, कारण या कामाविषयी उपदेश पुष्कळ ऐकायला मिळतो, पण ते प्रत्यक्षात कसे घडते हे तपशिलाने सांगणारे फार थोडे भेटतात.

आमच्या पाळकांनी दोनच अटी घातल्या होत्या. पहिली अट अशी की, एखाद्यासाठी जे कराल ते, त्याने जन्मात कधीही ख्रिस्ताविषयी एक शब्द विचारला नाही तरी तितक्याच मनापासून कराल असे असेल, तरच करा. दुसरी अट अशी की, त्याने विचारलेच तर विषय टाळू नका, ‘माणुसकी म्हणून केले’ असे मोघम बोलून सुटका करून घेऊ नका; प्रभूचे नाव घ्या. ऐकताना दोन्ही अटी सोप्या वाटल्या. प्रत्यक्षात पहिली अट पाळताना दुसरी विसरायला होते आणि दुसरीवर लक्ष ठेवले की पहिली निसटू पाहते. आमचा सारा अनुभव या दोहोंच्या मधल्या वाटेवरचा आहे.

सुरुवात नावांपासून झाली. प्रत्येकाने वहीत चार-पाच नावे लिहायची होती, आणि ती आपल्या रोजच्या वाटेवरच्या माणसांची असली पाहिजेत, कोणी दूरचे नकोत, असे ठरले होते. माझ्या वहीत खालच्या मजल्यावर एकटे राहणारे, नजर अधू झालेले एक वयस्कर काका होते. माझ्याच विभागात काम करणारी आणि माझ्याशी फारसे न पटणारी एक सहकारी होती. आमची इमारत झाडणाऱ्या एक ताई होत्या. आणखी एकदोघे होते. रोज सकाळी एकेक नाव घेऊन मध्यस्थीची प्रार्थना करायला बसले, आणि लगेचच लक्षात आले की या माणसांसाठी देवाजवळ नेमके काय मागावे हे मला ठाऊकच नाही. काकांची नजर अधू आहे एवढे माहीत होते. पण त्यामुळे त्यांचे रोज काय अडते, हे मी कधी पाहिले नव्हते. झाडणाऱ्या ताईंना मुले किती, तेही माहीत नव्हते. प्रार्थनेसाठी म्हणून मी त्यांच्याकडे नीट पाहू लागले, थांबून विचारपूस करू लागले, आणि ज्या कृती पुढे घडल्या त्या या पाहण्यातून निघाल्या. काय करायचे याची यादी आम्ही आधी केली नव्हती, हे फार बरे झाले असे आता वाटते. यादी केली असती तर माणसाच्या गरजेपेक्षा आमच्या उत्साहाला सोयीची अशीच कामे तिच्यात आली असती.

काकांच्या बाबतीत अडचण औषधांची निघाली. त्यांच्याकडे सारख्याच आकाराच्या आणि जवळजवळ सारख्याच रंगाच्या डब्या होत्या, आणि त्यांवरची बारीक छपाई त्यांना दिसत नसे. बोटांनी चाचपून, डबीच्या झाकणाच्या खरबरीतपणावरून ते अंदाज करीत. मी एका सुटीच्या दिवशी त्यांच्याबरोबर बसले, डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा मोठ्याने वाचली, आणि जाड काळ्या पेनने पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांवर बोटभर उंचीची अक्षरे लिहून प्रत्येक डबीला चिकटवली: ‘सकाळ’, ‘रात्र’, ‘जेवणाआधी’. रात्रीच्या डबीला एक रबराचा पट्टाही गुंडाळला, म्हणजे दिवा न लावताही ती हाताला ओळखू यावी. काकांनी प्रत्येक डबी डोळ्यांजवळ नेऊन अक्षर वाचले आणि टेबलावर ओळीने लावली. त्यानंतर दर आठवड्याला मी त्यांची पत्रे आणि बिले वाचून दाखवू लागले, आणि हळूहळू वर्तमानपत्रातला एखादा लेखही. या सगळ्यात ख्रिस्ताचे नाव कित्येक महिने निघाले नाही.

त्या महिन्यांत मला सतत एक प्रश्न पडत असे: यालाच साक्ष म्हणायचे का? आमच्या सभेत हा प्रश्न मी मांडला, तेव्हा आम्ही प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा नववा अध्याय वाचला. यापो नगरातली टबीथा, म्हणजे दुर्कस, हिच्याविषयी तेथे जे लिहिले आहे ते या दृष्टीने मी पूर्वी वाचलेच नव्हते. तिला शिष्या म्हटले आहे, पण तिने उच्चारलेले एकही वाक्य तेथे नोंदलेले नाही. ती मरण पावल्यावर येशूचा प्रेषित पेत्र आला, तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या, एवढेच आहे. तिच्या शिष्यपणाचा पुरावा म्हणून त्या बायकांनी कापड पुढे केले, आणि शास्त्राने तो पुरावा पुरेसा मानून लिहून ठेवला. त्या संध्याकाळी मला मोठा दिलासा मिळाला.

सहकारीचे प्रकरण अधिक कठीण होते. ती बोलायला तोडून टाकणारी, आणि माझ्या कामातल्या चुका सर्वांसमोर दाखवण्याची तिला सवय होती. तिच्यासाठी प्रार्थना करणे मला पहिले काही दिवस अक्षरशः जड जात असे. लिझ्यूच्या संत तेरेजा, ज्या १८९७ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी मरण पावल्या, त्यांच्या आठवणींत एक प्रसंग आहे. मठातली एक भगिनी त्यांना मनातून अजिबात आवडत नसे. म्हणून त्यांनी ठरवून तिच्यासाठी प्रार्थना केली, तिची लहानसहान कामे केली आणि उलट उत्तर देण्याचा मोह झाला की स्मित केले. शेवटी त्या भगिनीनेच विचारले की, माझ्यात असे काय आहे की तुम्ही मला पाहताच इतक्या प्रसन्न होता? मी तेरेजांइतकी पोचलेली नाही. पण आवड नसतानाही कृती करता येते, आणि ती कृती खोटी ठरत नाही, कारण तिचा उगम आपल्या आवडीनिवडीत नसून ज्याने आपल्यावर आधी प्रीती केली त्याच्यात असतो, एवढे मला त्यावरून समजले. मी दोन गोष्टी ठरवल्या. चहाच्या वेळी तिच्या पाठीमागे तिच्याविषयी जे बोलले जाई त्यात मी सहभागी होणार नाही. आणि तिने केलेल्या चांगल्या कामाचे श्रेय, विषय निघेल तेव्हा, तिचे नाव घेऊन तिलाच देईन. बाहेरून पाहणाऱ्याला यात काहीच दिसले नसते. पण आतून ही दोन्ही कामे औषधांच्या डब्यांपेक्षा कितीतरी अवघड होती.

पुढे तिच्या आई आजारी पडल्या आणि त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. रात्री तीच आईजवळ थांबत असे आणि सकाळी तशीच कामावर येत असे. मी वरिष्ठांना विचारून तिचे महिनाअखेरीचे काम माझ्याकडे घेतले आणि तिला एवढेच सांगितले की, ते झालेले आहे, तुम्ही उशिरा आलात तरी चालेल. एक-दोन रात्री मी तिच्या आईजवळ बसले, म्हणजे तिला घरी जाऊन झोपता यावे. दवाखान्यातल्या त्या रात्री मी काहीही ‘सांगितले’ नाही. त्या माउलीला दर थोड्या वेळाने पाणी हवे असे. उशाशी ठेवलेल्या भांड्यातून चमच्याने पाणी द्यायचे आणि ओठ पुसायचे, एवढेच काम होते.

येथे मला थोडे थांबून एका गोष्टीविषयी लिहिले पाहिजे, कारण या साऱ्या कामात सर्वांत मोठा धोका तिच्यात आहे. आजारी, शोकात बुडालेला, कर्जात अडकलेला किंवा एकटा पडलेला माणूस नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो. त्याला मदत करणाऱ्याच्या हाती आपोआप एक सत्ता येते. ती सत्ता वापरून त्याला प्रार्थनेला बसवणे, उपासनेचे आमंत्रण देणे किंवा पुस्तक हातात ठेवणे हे वरवर सेवेसारखे दिसले तरी त्यात मदतीची किंमत वसूल करणे आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले, आणि परत येऊन देवाचे गौरव करणारा एकच निघाला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या लोकांतला. बाकीचे नऊ जण कोठे आहेत, असे प्रभूने विचारले. पण त्या नवांचे बरेपण त्याने परत घेतले नाही. आमच्या पाळकांच्या पहिल्या अटीचा पाया मला या प्रसंगात सापडला. जो परत येणार नाही त्यालाही पूर्ण बरे करायचे, हीच प्रभूची रीत आहे, आणि ज्या मदतीत परत येण्याची अट गुपचूप दडलेली असते, ती त्याच्या नावाने करू नये.

चौथ्या शतकातल्या एका विरोधकाची साक्षही या बाबतीत मला फार मोलाची वाटते. रोमचा सम्राट जुलियन याने ३६१ ते ३६३ या काळात राज्य केले, आणि ख्रिस्ती धर्म मागे सारून जुन्या देवतांची उपासना पुन्हा उभी करण्याचा त्याचा प्रयत्न होता. गलतियातल्या आपल्या एका प्रमुख पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात तो तक्रार करतो की, हे गालीली लोक, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, पण आपल्याही गरिबांना पोसतात. ज्यांना आपल्यात आणायचे आहे त्यांनाच नव्हे, तर जे आपले होणार नाहीत त्यांनाही ही माणसे देत होती, हे त्या तक्रारीतून दिसते, आणि ते विरोधकाच्या लेखणीतून आले म्हणून त्याचे वजन अधिक आहे.

हा धोका केवळ विचारापुरता राहिला नाही. काकांचे चिरंजीव दुसऱ्या गावी राहतात. ते एकदा आले असताना माझ्याकडे वर आले आणि दारातच म्हणाले, “ताई, राग मानू नका, पण स्पष्टच विचारतो. बाबांना तुमच्या धर्मात घेण्यासाठी हे सारे चालले आहे का?”

मी त्यांना बसायला सांगितले. त्यांचा प्रश्न रास्त होता. एकट्या राहणाऱ्या वडिलांच्या मुलाने तो विचारायलाच हवा होता. मी म्हणाले, “मी ख्रिस्ताला मानते, आणि तुमच्या वडिलांनीही त्याला ओळखावे असे मला मनापासून वाटते. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण त्यांची औषधे मी लावते ती त्यांना दिसत नाही म्हणून. त्यांनी उद्या मला सांगितले की येशूचे नावही माझ्यासमोर काढू नकोस, तरी शनिवारी मी बिले वाचायला येईनच. तुम्हाला हवे तर त्यांना एकट्यात विचारा.” त्यांनी खरोखरच एकट्यात विचारले. जाताना त्यांनी आपला दूरध्वनी क्रमांक मला लिहून दिला आणि बाबांचे काही कमीजास्त वाटले तर कळवा, असे सांगितले. मनातली इच्छा लपवून ठेवली असती तर हा विश्वास मिळाला नसता असे मला वाटते. ख्रिस्ताविषयी सांगण्याची ओढ असणे यात लाजण्यासारखे काही नाही. ती मदतीच्या आडून पुढे सरकवणे मात्र अप्रामाणिक आहे.

याच काळात डोंगरावरील प्रवचनातल्या दोन वचनांनी आमच्या सभेत बराच वेळ घेतला. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की, तुमचा प्रकाश लोकांसमोर असा पडू द्या की त्यांनी तुमची चांगली कामे पाहून तुमच्या स्वर्गातल्या पित्याचे गौरव करावे. पुढच्याच अध्यायात तो बजावतो की, लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, आणि दान करताना उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू देऊ नका. एकाच प्रवचनात दाखवाही आणि लपवाही, असे दोन्ही कसे? आमच्यातल्या एकाने असा विचार मांडला की, शेवटी गौरव कोणाकडे जातो हे पाहावे. काम पाहून लोकांच्या तोंडी माझे नाव येत असेल तर ते झाकावे, पित्याचे नाव येण्याची शक्यता असेल तर उघडे राहू द्यावे. मला हे उत्तर पटते. पण त्यातूनच दुसऱ्या अटीची गरजही दिसते. मी कोणाची आहे हे समोरच्याला कधीच कळले नाही, तर माझे काम पाहून तो पित्याचे गौरव करणार तरी कसे? तो फार तर मला भली बाई म्हणेल आणि विषय माझ्यापाशीच संपेल.

‘सदैव सुवार्ता सांगा आणि गरज पडली तरच शब्द वापरा’ असे एक वाक्य असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या नावावर सर्रास सांगितले जाते. त्यांच्या लिखाणात ते कोठेही आढळत नाही. १२२१ सालच्या त्यांच्या नियमावलीत जे आहे ते या वाक्यापेक्षा पुष्कळ खोल आहे. परधर्मीयांमध्ये राहायला जाणाऱ्या आपल्या संघातल्या बंधूंना ते दोन रीती सांगतात. पहिली रीत अशी की, वादविवाद करू नये, देवाखातर प्रत्येक माणसाच्या अधीन होऊन राहावे आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करावे; दुसरी अशी की, प्रभूची तशी मर्जी दिसेल तेव्हा देवाचे वचन जाहीर करावे. पहिल्या, शांतपणाच्या रीतीतसुद्धा ख्रिस्ती असल्याची कबुली आलेली आहे, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. मुकेपणा त्यांनी सुचवलेला नाही.

म्हणून विचारल्यावर काय सांगायचे याची आम्ही तयारी केली. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे की, तुमच्या आशेचे कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला नेहमी तयार असा, पण ते सौम्यतेने व आदराने द्या. सभेत आम्ही एकमेकांना प्रश्न विचारायचो आणि प्रत्येकाने चार-पाच वाक्यांत, मंडळीबाहेरच्या माणसाला कळेल अशा भाषेत उत्तर द्यायचे, असा सराव केला. आपापसात आम्ही सहज बोलतो ती भाषा ऐकणाऱ्याला उमगत नाही, हे तेव्हा कळले. माझे उत्तर घासूनपुसून असे तयार झाले: माझा माझ्या सख्ख्या भावाशी कित्येक वर्षे अबोला होता आणि दोष त्याचाच आहे असे मला वाटे, येशूने वधस्तंभावर माझ्या अपराधांसाठी प्राण दिला आणि मला क्षमा मिळाली हे जेव्हा मी मानले, तेव्हा भावाला क्षमा न करणे मला अशक्य झाले, येशू मरणातून उठला आहे आणि आज जिवंत आहे असा माझा विश्वास आहे, आणि जे काही मी करते ते त्याचे देणे आठवून करते. यात युक्तिवाद नाही. जे घडले ते आहे.

काकांनी विचारले ते असे. एका शनिवारी बिलांचा कागद घडी करून ठेवता ठेवता ते म्हणाले, “तू हे दर आठवड्याला करतेस. कंटाळा येत नाही?”

“येतो, काका. कधी कधी येतो.”

“मग का येतेस?”

मी वर लिहिले आहे ते त्यांना सांगितले. सराव केलेला असूनही आवाज किंचित कापला. काका ऐकत राहिले आणि त्यांनी भावाविषयीच पुढचे प्रश्न विचारले: आता बोलणे आहे का, तो येतो का, प्रथम कोण बोलले. येशूविषयी त्यांनी त्या दिवशी काहीच विचारले नाही, आणि मीही विषय त्या बाजूला वळवला नाही. काही आठवड्यांनी त्यांनी आपण होऊन स्वतःच्या एका जुन्या मित्राविषयी सांगितले, ज्याच्याशी त्यांचे तुटले होते. त्या वेळी मी विचारले, “तुमची हरकत नसेल तर मी आत्ता तुमच्यासाठी प्रार्थना करू का? नको असेल तर नि:संकोच सांगा.” ते ‘कर’ म्हणाले. मी दोन-तीन वाक्यांची प्रार्थना केली, काकांचे आणि त्या मित्राचे नाव घेतले, आणि येशूच्या नावाने संपवली. प्रार्थना नेहमी परवानगी घेऊन, थोडक्यात, आणि समोरच्याने स्वतः सांगितलेल्या गोष्टीपुरतीच करावी असे मला अनुभवाने वाटते. प्रार्थनेच्या आवरणाखाली उपदेश करणे हे ऐकणाऱ्याला लगेच कळते आणि त्याचा हात पुन्हा पुढे होत नाही.

कृती, मग प्रश्न, मग शब्द हा क्रम काही आम्ही शोधून काढलेला नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहत असताना त्यांना लंडनमधल्या फुलम येथे पाठवण्यात आले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी तेथे चाललेले काम त्यांनी पाहिले आणि त्यांना शिकवणाऱ्या भगिनीला विचारले की, या लोकांना अशा स्त्रियांची काळजी घ्यावीशी का वाटते? उत्तरादाखल त्या भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली ख्रिस्ताची आणि शोमरोनी स्त्रीची भेट वाचून दाखवली. रमाबाईंसारख्या शास्त्रार्थ करणाऱ्या विदुषीच्या मनाचे दार त्या कामाने आणि त्याविषयीच्या प्रश्नाच्या उत्तराने उघडले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या भगिनीजवळ उत्तर तयार होते. ती नुसती हसून ‘आमचे कर्तव्य आहे’ म्हणाली असती, तर काय झाले असते, याचा विचार मी अनेकदा करते.

त्याच चौथ्या अध्यायातली आणखी एक गोष्ट मला माझ्या आजारपणात कळली. याकोबाच्या विहिरीपाशी संभाषण सुरू होते ते प्रभूने काही देण्याने नव्हे, तर ‘मला प्यायला पाणी दे’ असे त्याने मागण्याने. माझ्या पायाचे हाड मोडले आणि मला दीड महिना घरात पडून राहावे लागले, तेव्हा माझ्या वहीतली माणसे माझ्याकडे येऊ लागली. झाडणाऱ्या ताई न सांगता पाणी भरून ठेवीत. काका जिन्याचा कठडा धरून वर येत आणि जवळ बसून राहत. सहकारी माझे काम घेऊन गेली आणि रोज संध्याकाळी दूरध्वनी करून काय झाले ते सांगे. तोवर देणारी मी आणि घेणारे ते, असा जो एक भेद नकळत तयार झाला होता तो नाहीसा झाला, आणि आमचे बोलणे कितीतरी मोकळे झाले. ज्याला कधीच कोणाकडून काही लागत नाही अशा माणसाचा विश्वास इतरांना परका वाटतो. ताईंनी त्या दिवसांत मला विचारले की, तुम्ही सकाळी डोळे मिटून कोणाकोणासाठी मागता. मी त्यांचे नाव सांगितले, तेव्हा त्यांनी मुलीच्या परीक्षेची तारीख सांगितली आणि तीही वहीत लिहायला लावली.

सर्वांच्याच बाबतीत असे घडले नाही. माझ्या वहीतले एक कुटुंब दुसरीकडे राहायला गेले आणि आमच्यात कधीच विश्वासाचा विषय निघाला नाही. सभेतल्या एका बंधूंनी आपल्या शेजाऱ्याची खूप सेवा केली, आणि शेजाऱ्याने शेवटपर्यंत त्यांच्याशी अंतर राखूनच व्यवहार केला. त्याविषयी आमच्यात कोणी हिशेब मांडला नाही. प्रेषित पौलाने करिंथ नगरातल्या मंडळीला लिहिले आहे की, मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढवले ते देवाने; कोणाच्या वाट्याला कोणते काम आले आहे, हे काम करणाऱ्याला कळेलच असे नाही.

काका आजही माझ्या अर्थाने ख्रिस्ताला मानणारे नाहीत. वर्तमानपत्र झाल्यावर ते एखादे स्तोत्र वाचायला सांगतात, बहुधा एकशे एकविसावे, आणि त्यावर त्यांचे स्वतःचे म्हणणे मांडतात. सहकारीच्या आई बऱ्या होऊन घरी आल्या. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तिने विचारले की, तू माझ्याशी असे वागतेस ते तुझ्या देवामुळे का. मी हो म्हणाले आणि माझी चार वाक्ये सांगितली. तेव्हा ती म्हणाली की, मग मला मूळ पुस्तकच वाचू दे, कोणाचे ऐकून घेण्यात मला रस नाही. तिच्या स्वभावाला हे धरूनच होते. आम्ही दर बुधवारी काम संपल्यावर मार्ककृत शुभवर्तमान वाचतो. ती पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्हे काढते. ज्या ठिकाणी मला उत्तर देता येत नाही तेथे मी तसे सांगते आणि पाळकांना विचारून पुढच्या बुधवारी येते. गेल्या वेळी आम्ही दहाव्या अध्यायातल्या श्रीमंत माणसापाशी थांबलो. येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली असे लिहिले आहे, मग तो खिन्न होऊन निघून जात असताना येशूने त्याला थांबवले का नाही, असा तिचा प्रश्न आहे, आणि त्यावर मी अजून विचार करीत आहे.